ऑप्शन फॉर्ममधली नववी आणि दहावी ओळ

मोठ्या नावाचं कॉलेज घ्यावं की फी माफ होणारं घ्यावं असं कुणी विचारलं की मला वाटतं विचारणाऱ्याच्या डोक्यात दोन पत्रं असतात, एका हातात एक आणि दुसऱ्या हातात दुसरं, आणि आपण शांत बसून ठरवायचं. आपल्याकडं इंजिनीअरिंगच्या कॅप राउंडमधे, म्हणजे सरकारी ऑनलाइन प्रवेशफेरीत, असली दोन पत्रं कधी हातात येतच नाहीत. जे ठरवायचं ते ऑप्शन फॉर्म, म्हणजे पाहिजे त्या कॉलेज-ब्रँचच्या कोडची क्रमवार यादी, भरताना ठरतं, कुठला कोड वर आणि कुठला खाली एवढ्यावर, आणि वरचा लागला की खालचा तुम्हाला मिळणार होता का नाही हे सुद्धा नीट कळत नाही. मी २०२२ ला यातून गेलो आणि २०२४ ला बहिणीच्या वेळी परत गेलो, म्हणून सगळं लिहून ठेवतोय.

आम्ही इचलकरंजीचे. पप्पा खर्चीवर चार माग चालवतात. खर्चीवर म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, आपण फक्त विणून द्यायचं आणि मजुरी घ्यायची. तेजी असली की दोन पाळ्या, मंदी असली की माग आठवडा आठवडा बंद. उत्पन्नाचा दाखला दोन लाखाच्या थोडा वरचा. घरात इंजिनीअरिंगला जाणारा मी पहिलाच, त्यामुळं कुणाला काही विचारावं असं माणूसच नव्हतं, एक मामा सोडला तर, तो चाकणला कंपनीत आहे.

त्या वर्षी एमएचटी सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, ऑगस्टमधे झाली, निकाल सप्टेंबरमधे लागला, मला ९३.६ पर्सेंटाइल. या मार्कांना पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, किंवा आमच्या जवळ सांगलीचं वालचंद यातलं कॉम्प्युटर मिळत नाही हे मागच्या वर्षीचे कटऑफ बघून कळलेलंच होतं. तरी मी ते वर टाकले, टाकायला पैसे पडत नाहीत आणि वर टाकल्यानं खालचं काही बिघडतही नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून सांगतोय. खरा प्रश्न त्याच्या खाली सुरू होत होता.

आधी दाखल्यांचं सांगतो कारण सगळा खेळ तिथंच आहे. हातकणंगल्याच्या तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, ईडब्ल्यूएसचा (आर्थिक दुर्बल घटक) दाखला, हे सगळं मी निकाल लागायच्या आधीच सेतूतून काढून ठेवलं होतं कारण आमच्या कॉलेजातल्या ऑफिसच्या मॅडमनी बजावून सांगितलं होतं. उत्पन्न आठ लाखाच्या आत असेल तर दोन वेगळ्या गोष्टी मिळतात आणि लोक त्या एकच समजतात, मीही समजत होतो. एक म्हणजे राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, ज्याला सगळे ईबीसी म्हणतात, त्यात ओपनच्या मुलांना ट्यूशन फीच्या निम्मी रक्कम सरकार देतं. दुसरं म्हणजे टीएफडब्ल्यूएस, ट्यूशन फी वेव्हर स्कीम, त्यात ट्यूशन फी घेतलीच जात नाही. पण ती शिष्यवृत्ती नाही, ती वेगळी जागा आहे. प्रत्येक ब्रँचला मंजूर जागांच्या वर पाच टक्के जागा असतात, म्हणजे साठची ब्रँच असेल तर तीन. त्याचा चॉइस कोड वेगळा असतो, शेवटी टी लागलेला. रजिस्ट्रेशन करतानाच टीएफडब्ल्यूएस पाहिजे का याला हो म्हणावं लागतं, नाहीतर ते कोड नंतर कामाचे नाहीत.

आणि तीनच जागा म्हटल्यावर त्याचा कटऑफ त्याच ब्रँचच्या साध्या जागेपेक्षा वर जातो. म्हणजे माझ्या मार्कांना पुण्यातल्या ज्या नावाजलेल्या कॉलेजात साधी जागा मिळण्यासारखी होती तिथं टीएफडब्ल्यूएस मिळणं शक्यच नव्हतं, आणि जिथं टीएफडब्ल्यूएस मिळण्यासारखं होतं ते कोल्हापूर भागातलं खाजगी कॉलेज, ठीकठाक, पण जिल्ह्याबाहेर नाव सांगितलं तर कुणी ओळखणार नाही.

तर माझ्या फॉर्मवर नववी ओळ होती पुण्यातलं ते कॉलेज, ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन), साधी जागा. दहावी ओळ कोल्हापूरचं कॉम्प्युटर, शेवटी टी. दोन दिवस मी या दोनच ओळी वरखाली करत होतो.

बारावीचे फिजिक्सचे सर म्हणाले पुण्याला जा, तिथं जी पोरं भोवती असतात त्यांच्यामुळं माणूस घडतो, पैशाचं काय, लोन मिळतं. मामानं फोनवर सांगितलं की त्यांच्या कंपनीत फ्रेशर घेताना कॉलेजची यादीच असते, त्या यादीत नसलेल्या कॉलेजच्या पोराला आत यायला दुसरं दार शोधायला लागतं. हे दोघंही खोटं बोलत नव्हते. नावाला किंमत असते हे मला तेव्हाही मान्य होतं आणि आज तर स्वतः बघितलंय. म्हणून मी नवव्या ओळीला पुणे ठेवलं, फॉर्म कन्फर्म केला.

पहिल्या राउंडला तेच लागलं, पुणे, ईएनटीसी. घरात पेढे आले. पहिल्या क्रमांकाचा ऑप्शन लागला असता तर ऑटो फ्रीझ होतं, म्हणजे जागा आपोआप पक्की, माझा नववा होता म्हणून फ्रीझ करायचं की पुढच्या राउंडला बेटरमेंटला, म्हणजे यादीतलं अजून वरचं मिळतंय का बघायला, जायचं हे माझ्या हातात होतं. हजार रुपये सीट अ‍ॅक्सेप्टन्स फी भरून जागा धरून ठेवली आणि पप्पा म्हणाले फ्रीझ करायच्या आधी एकदा बघून येऊ. रात्रीच्या एसटीनं निघालो, पहाटे स्वारगेटला उतरलो, तिथंच तोंड धुवून चहा घेतला.

कॉलेज बघून मला जे वाटलं ते सांगायला पाहिजे. मोठी लायब्ररी, बाहेर पोरं लॅपटॉप घेऊन पायरीवर बसलेली, एका भिंतीवर प्लेसमेंट झालेल्यांचे फोटो आणि खाली कंपन्यांची नावं. मला तिथंच राहायचं होतं. इतकं की ऑफिसच्या रांगेत उभं असताना मी मनात प्रार्थना करत होतो की फीचा आकडा लहान निघू दे.

काउंटरवर त्यांनी कागद दिला. ट्यूशन फी १,५०,०००, डेव्हलपमेंट फी २२,०००, एकूण १,७२,०००. मी म्हटलं सर ईबीसी आहे. ते म्हणाले आता पूर्ण भरायला लागते, ईबीसीचे पैसे सरकारकडून आले की परत मिळतील. पप्पांनी विचारलं कधी येतात. ते म्हणाले सांगता येत नाही, गेल्या वर्षीचे अजून काहींचे यायचेत. खरं म्हणजे नियमाप्रमाणे ईबीसीवाल्यांकडून प्रवेशाच्या वेळी निम्मीच ट्यूशन फी घ्यायची असते हे मी नंतर वाचलं, तेव्हा माहीत नव्हतं आणि माहीत असतं तरी त्या काउंटरवर पप्पांना घेऊन भांडायची माझी ताकद नव्हती. ज्यांना आता जायचंय त्यांनी तो शासन निर्णय डाउनलोड करून बरोबर ठेवा, खरंच ठेवा.

तिथून दोन तीन हॉस्टेलं बघितली. जेवण धरून वर्षाला १,१०,००० च्या खाली काही नव्हतं, शिवाय डिपॉझिट.

परतीच्या एसटीत मी मोबाइलवर हिशोब केला. ईबीसी मिळाली असं धरलं तर फीतले ७५,००० वजा, राहिले ९७,०००, त्यात हॉस्टेल मेस, वर्षाला २,०७,०००, चार वर्षांचे सव्वाआठ लाखाच्या पुढं. आणि पहिल्या महिन्यात रोख लागणार होते दोन लाखाच्या वर, कारण ईबीसी नंतर येणार. तिकडं टीएफडब्ल्यूएसला डेव्हलपमेंट आणि बाकीची किरकोळ धरून वर्षाला १४,०००, परीक्षा फी वेगळी, राहायचं घरी, एसटीचा विद्यार्थी पास, त्याला ६६.६७ टक्के सवलत असते. चार वर्षांचं सगळं मिळून सव्वा लाखाच्या आसपास.

सात लाखाचा फरक. पण खरं सांगू का, माझं मन त्या सात लाखानं बदललं नाही. मी मनात म्हणत होतो की चांगली नोकरी लागली तर सात लाख दोन वर्षात फिटतील, आणि लोनचंही बघून ठेवलं होतं, साडेसात लाखापर्यंत तारण लागत नाही, उत्पन्न साडेचार लाखाच्या आत असेल तर शिक्षण चालू असेपर्यंत आणि पुढं एक वर्ष व्याज केंद्र सरकार भरतं. कागदावर सगळं बसत होतं. पण बँकेत चौकशी केली तर साहेब म्हणाले फाइल व्हायला महिना तरी लागेल, आणि कॉलेजला पैसे चार दिवसात पाहिजे होते.

कराड सोडलं आणि पप्पा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, दोन माग काढूया. मला आधी कळलंच नाही. म्हणाले, भंगाराचा दर बरा आहे सध्या, दोन काढले तर पहिल्या वर्षाचं भागतंय, उरलेले दोन चालतील की.

साधे माग आहेत आमचे, जुने, ते कुणी माग म्हणून विकत घेत नाही, किलोवर जातात. चारातले दोन गेले की घरातली मजुरी निम्मी, आणि ती एका वर्षासाठी नाही, कायमची. बहीण तेव्हा अकरावीला होती. माझ्या हिशोबात हा आकडा कुठंच नव्हता, मी फी लिहिली होती, मेस लिहिली होती, ईबीसी वजा केली होती, पण पहिले दोन लाख कुठून निघणार आणि ते निघताना घरातलं काय मोडणार हे लिहिलं नव्हतं. आणि आईनं घरी आल्यावर पाणी देता देता तेच विचारलं, पैसे परत येणार म्हणजे कधी येणार रे? माफ होणारे पैसे आणि परत येणारे पैसे यात केवढा फरक आहे हे मला तिच्या त्या प्रश्नानं समजलं. श्रीमंताला दोन्ही सारखेच. ज्याच्याकडं पहिल्या दिवशी भरायलाच नाहीत त्याच्यासाठी परत येणारे पैसे म्हणजे सावकार किंवा भंगारवाला.

मी पप्पांना सांगितलं माग काढायचे नाहीत. ते म्हणाले तुझं तू ठरव, नंतर आम्हाला बोल लावू नको. दुखावून नाही म्हणाले, मनापासून म्हणाले, त्यांना भीती वाटत होती की पैशामुळं पोराचं नुकसान झालं असं आयुष्यभर वाटत राहील.

दुसऱ्या राउंडला फॉर्म नव्यानं भरायचा असतो. यात एक गोष्ट कुणी समजावून सांगत नाही, बेटरमेंट म्हणजे सरकारच्या दृष्टीनं चांगलं कॉलेज असं काही नसतं, तुम्ही जे वर लिहाल ते तुमच्यासाठी बेटर. म्हणून पुण्याची जागा हातात असताना मी कोल्हापूरचे टी वाले कोड वर टाकले, पहिलं कॉम्प्युटर, दुसरं ईएनटीसी, आणि जवळच्या अजून दोन कॉलेजांचे. एकजण तर म्हणाला वेडा झालास का, लागलं तर पुणं आपोआप जाईल. हो, जातं, पुढच्या राउंडला काही लागलं की आधीची जागा रद्द होते. नाही लागलं तर आधीची राहते, म्हणजे मी पुणं सोडत नव्हतो, सोडायची शक्यता उघडत होतो.

पण एक चूक पहिल्या राउंडलाच झाली होती. तेव्हा टी वाला कॉम्प्युटर नवव्या ओळीला असता तर मिळाला असता, पहिल्या राउंडचा त्याचा कटऑफ माझ्या खाली बंद झाला होता. मी खाली ठेवला म्हणून तो माझ्या मागच्या पोराला गेला, त्यानं फ्रीझ केला. आता तिथं कुणी सोडली तरच जागा होती आणि तीनातली जागा कोण सोडतंय. ते दोन दिवस मला झोप लागली नाही. पुण्याचं गेलं तर वाईट वाटणार, नाही गेलं तर माग जाणार.

दुसऱ्या राउंडला टीएफडब्ल्यूएस ईएनटीसी लागलं. कॉम्प्युटर गेलं ते गेलंच. आणि टीएफडब्ल्यूएसवाल्याला नंतर कॉलेज किंवा ब्रँच बदलता येत नाही, म्हणजे दुसऱ्या वर्षी बघू असं म्हणायचीही सोय नाही. मी फ्रीझ केलं, दुसऱ्या दिवशी जाऊन १४,००० भरले, पावती आईनं देव्हाऱ्यात ठेवली.

चार वर्षं कशी गेली हे थोडक्यात सांगतो कारण ते या प्रश्नाचा भाग आहे. शिकवणारे दोन तीन मास्तर फार चांगले होते, लॅब बऱ्या, पोरं माझ्यासारखीच आसपासच्या गावातली. रोज एसटीत जाऊन येऊन अडीच तास जायचे, त्यात मी अभ्यास करायला शिकलो. पण तिसऱ्या वर्षानंतर फरक टोचायला लागला. कॅम्पसला कंपन्या कमी आल्या आणि ज्या आल्या त्यातल्या बऱ्याच कमी पगाराच्या. पुण्यातल्या त्याच कॉलेजात गेलेला माझा एक मित्र आहे, त्याच्याकडं महिन्यात जेवढ्या आल्या तेवढ्या आमच्याकडं सेमिस्टरला. बाहेरून अर्ज केले तर काही ठिकाणी कॉलेज निवडायच्या यादीत आमचं नावच नसायचं, इतर म्हणून टिक करायला लागायची. ते टिक करताना वाईट वाटायचं, अजूनही आठवलं की वाटतं. शेवटी ओळखीच्या सीनिअरच्या रेफरन्सनं एम्बेडेडमधे काम मिळालं, साडेचार लाखाचं पॅकेज. त्या मित्राचं साडेसात. त्याच्यावर लोन आहे, माझ्यावर नाही. त्याचा हप्ता चालू झाला की आम्ही दोघं हातात येणाऱ्या पैशात जवळपास येऊ असं तोच म्हणाला, पण पुढच्या पाच वर्षात तो पुढं जाईल हे आम्हा दोघांनाही दिसतंय. त्याची ईबीसी मिळाली, पण पहिल्या वर्षाचा दुसरा हप्ता दुसरं वर्ष निम्मं सरल्यावर. तोवर त्याच्या वडिलांनी सोसायटीचं कर्ज काढून भागवलं, त्यांची ऊसाची शेती आहे, त्यांना ते जमलं. आम्हाला जमलं नसतं.

आता बहिणीचं. ती २०२४ ला बारावी झाली, तिला माझ्यापेक्षा चांगले, ९६ च्या वर. जून संपेपर्यंत घरात सगळे धरून चालले होते की दादासारखंच टीएफडब्ल्यूएस वर टाकायचं आणि जवळच राहायचं, तीही काही बोलत नव्हती. मग ८ जुलैला शासन निर्णय आला, ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) आणि ओबीसीतल्या, आठ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक कोर्सला ट्यूशन फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ, कॅपमधून प्रवेश असेल तर. मी तो पीडीएफ तीनदा वाचला. म्हणजे तिच्यासाठी टी लागलेल्या कोडची गरजच संपली, साध्या जागेवरही तेवढंच माफ. माझ्या वेळी ज्या दोन ओळीत भांडण होतं ते तिच्या फॉर्मवर राहिलंच नाही.

तरी मी यावेळी आधी दुसरा कागद केला. डेव्हलपमेंट फी भरायलाच लागते ती किती, हॉस्टेल किती, पहिल्या महिन्यात रोख किती. आणि फॉर्म कन्फर्म करायच्या आधी तिच्या यादीतल्या चार कॉलेजांना फोन केला, एकच प्रश्न, मुलींच्या माफीतली फी प्रवेशाच्या वेळी भरून घेता का. दोघांनी नाही म्हटलं, एकानं हमीपत्र मागितलं, एकानं आधी भरा नंतर बघू असं सांगितलं. शेवटचं कॉलेज नावानं यादीत सगळ्यात मोठं होतं. ते आम्ही काढलं नाही, पण तीन नंबरला नेलं. तिला राग आला होता, तिनं दोन तास माझ्याशी अबोला धरला, म्हणाली तुझ्या वेळचं माझ्यावर काढतोस. मी म्हटलं तुझ्या वेळी नाव वरच ठेवूया, फक्त रोख मागणाऱ्याच्या आधी रोख न मागणारी दोन नावं ठेवूया, ती काही लहान नाहीत.

तिला दुसऱ्या ओळीचं लागलं, पुण्यात, कॉम्प्युटर. कर्वेनगरला हॉस्टेलला आहे. तिचा मेसचा खर्च पप्पा देतात आणि आता नोकरी लागल्यापासून निम्मा मी देतो. चारही माग चालू आहेत, सध्या एकच पाळी.

यंदा मावसभावाचा नंबर आहे. तो मुलगा आहे म्हणजे त्याला परत ते निम्मी ईबीसी की टीएफडब्ल्यूएस हेच बघायला लागणार. त्याचे पप्पा मला म्हणाले चांगली कॉलेजं सांग. मी सांगणार आहे, पण रविवारी गेलो की आधी त्यांनाच विचारणार आहे की काही न विकता, कुणाकडं न मागता, पहिल्या आठवड्यात घरातून किती निघतील. तो आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिणार आणि मग कटऑफ उघडणार.